खिडकी क्रमांक चार

खंडेराव मार्केटात, फुलवाल्यांच्या वरच्या मजल्यावर,
जिथं फायलींनासुद्धा झेंडूचा वास येतो,
तिथं आमची जादू-परवाना शाखा.
मी सुधन्वा गुप्ते, खिडकी क्रमांक चार,
एकोणीस वर्षं एकच शिक्का.

अर्ज दोन.
निळा पुरुषांचा: मांत्रिक, प्रथम श्रेणी.
पाऊस पाडणे, राक्षस बांधणे, रकाना सातमध्ये
दाढीची लांबी, इंचांत.
गुलाबी बायकांचा: चेटकीण, गृहोपयोगी.
दृष्ट काढणे, दही लावणे, उचकी थांबवणे.
पतीची सही आवश्यक.
पती बेडूक वा तत्सम जलचर असल्यास
पंजाचा ठसा चालेल.

मंगळवारी जिना चढून द्वारका कारखानीस आल्या,
दांडिया बाजारच्या. हातात पिशवी,
पिशवीत दुधी,
आणि मागून, साडीच्या जुन्या काठानं बांधलेली,
एक मगर.

"विश्वामित्रीतून आली, काल रात्री.
आमच्या न्हाणीत बसली.
तुमचे प्रथम श्रेणीचे तिघे येऊन गेले,
शंख, भस्म, दोन हजारांची पावती.
'हे मकरा, नीघ!' 'रे दुष्टा, ऊठ!'
ही ढिम्म.
का उठेल? ती मगर आहे हो.
'अरे'ला 'ओ' देते का कुठली बाई?
मी म्हटलं, अगं, दमली असशील, चहा घेतेस?
तर आली.
आता मला निळा अर्ज द्या."

मी पुराणिकसाहेबांकडे पाहिलं.
साहेबांनी चष्मा पुसला, आणि व्याकरणात शिरले.
मंत्र तो. जादू ती. चेटूक ते.
"विद्या?" बाईंनी विचारलं.
"विद्या... ती."
"मग चालवतो तो कसा?"
"परंपरा आहे," साहेब म्हणाले.
मगरीनं जांभई दिली.
साहेबांनी परंपरा उचलून
शेजारच्या टेबलावर ठेवली.
जेसंगभाई शिपाई कपाटावरून ओरडला,
"सही करी नाखो ने, साहेब!"

बाईंनी निळा अर्ज उभ्या-उभ्या भरला.
रकाना सात: शून्य इंच.
शेरा: गरज पडली नाही.

मी शिक्का मारला. त्यांनी कागद घडी घालून
दुधीशेजारी ठेवला, आणि माझ्या कपाकडे पाहिलं.
"कधीचा चहा हा?"
"साडेदहाचा."
घड्याळात तीन वाजत होते.
कपातून वाफ निघत होती.

काय सांगणार.
वडिलांनी दहाव्या वर्षी मला निळ्या शिकवणीला घातलं,
वीज पाडायला.
माझी वीज दर वेळी वाट चुकून
शेजारच्या वैद्यांच्या इस्त्रीत जायची.
त्यांचे सदरे मात्र कडक असायचे.
मला येत होतं ते वेगळंच,
मावशीच्या ओट्यापाशी बसून आपोआप आलेलं:
दूध काठाशी थांबवणं,
कुणी येईस्तोवर पोळी मऊ ठेवणं.
आईच्या शेवटच्या तापात
कपाळावरची पट्टी तीन रात्री गार राहिली.
डॉक्टरांना वाटलं, औषध.
मी कुणाला बोललो नाही.
पुरुषानं, आणि गृहोपयोगी?

बाई काहीच म्हणाल्या नाहीत.
नुसता एक गुलाबी अर्ज
गठ्ठ्यातून ओढून माझ्यापुढे सरकवला
आणि दुधी घेऊन उतरून गेल्या.

पाचला खिडकी लावली.
नाव लिहिलं. 'चेटकीण' खोडलं,
मग वाटलं, असू दे, शब्द वाईट नाही,
पुन्हा लिहिलं.
पतीची सही, या रकान्याशी मात्र
पेन बराच वेळ अडलं.

टेबलाखाली काहीतरी हललं.
बाई मगर विसरून गेल्या होत्या,
किंवा विसरल्या नव्हत्या.
तिला आमच्या जुन्या फायलींची ओल मानवली होती.
तिनं शाईच्या गादीवर पंजा ठेवला, नीट दाबला,
आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"अगं, नियमात बसत नाही हे," मी म्हटलं.

ठसा स्वच्छ उमटला. पाचही बोटं.